सागाखाली काय उगवतं

ऑगस्टच्या मध्यावर खानदेशातल्या पालच्या रस्त्यावरून सातपुड्याकडे पाहिलं, तर जंगल शाबूत आहे की तुटलंय हे सांगणं अवघड जातं. सगळंच हिरवं असतं. दाट सागवान हिरवं, झाडं जाऊन मोकळी पडलेली टेकडी हिरवी, नेवाडही, म्हणजे जंगल तोडून केलेलं मक्याचं शेतही, हिरवंच. फरक कळतो तो गाडीतून उतरून उकिडवं बसल्यावर. एका जागी काळ्या मुसळीच्या घड्या पडलेल्या पानांशेजारी रानहळद, तिच्याजवळ शतावरीची कोवळी वेल, मध्ये सागाची दोन पानी रोपं आणि खाली गेल्या साली गळलेल्या पानांचा कुजत आलेला थर. पलीकडच्या मोकळ्या टेकडीवर नुसता तरोटा नाहीतर रानतुळस, आणि त्यांच्या बुंध्याशी उघडा मुरूम.

जंगलतोडीची आपली चर्चा मात्र झाडांपाशी सुरू होते आणि झाडांपाशीच संपते. किती तुटली, किती लावली, किती जगली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालातही 70 टक्क्यांहून जास्त छत्र असलेलं वन अति घनदाट, 40 ते 70 टक्के म्हणजे मध्यम घनदाट, 10 ते 40 म्हणजे खुलं आणि त्याखालचं झुडपी. हे उपग्रहाने वरून पाहिलेलं जंगल झालं. याच संस्थेच्या जमिनीवरच्या नमुना पाहणीत झुडपं आणि लहान वनस्पतीही नोंदल्या जातात, पण बातमी होते ती छत्राच्या टक्क्यांची. छत्र 60 टक्क्यांवरून 20वर आलं की त्याखालच्या शेकडो जातींचं काय होतं, हा प्रश्न खानदेशात फार थोड्यांनी विचारला. तो विचारायला मात्र इतकी चांगली जागा दुसरी क्वचित सापडेल.

उत्तरेला यावल, रावेर, चोपड्याचा सातपुडा आणि त्यात 1969 साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य. पुढे शिरपूर तालुक्यात 1986चं अनेर धरण अभयारण्य. दक्षिणेला चाळीसगावजवळ पाटणादेवीचं जंगल, जे गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. पश्चिमेला साक्री-पिंपळनेरकडे सह्याद्रीची शेवटची टोकं. सगळीकडे शुष्क पानझडी वन. साग, धावडा, सालई, तिवस, ऐन, मोह, टेंभुर्णी, खैर, आणि कोरड्या उतारांवर अंजन. त्याखाली मुरडशेंग, कुडा, धायटी, हेंकळ यांची झुडपं. त्यांच्याही खाली पावसाळ्याचे चार महिने जगून उरलेले आठ महिने जमिनीत दडून बसणाऱ्या वनस्पतींचं वेगळंच राज्य.

छत्र गेल्यावर खाली काय होतं, यावर जगभर गेल्या दोन दशकांत बरंच काम झालं आहे. पीटर डी फ्रेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली पाच खंडांतल्या 98 ठिकाणांची मोजमापं एकत्र करून दाखवलं, की जंगलाच्या आतलं कमाल तापमान बाहेरच्या मोकळ्या जागेपेक्षा सरासरी 4 अंशांनी कमी असतं आणि किमान तापमान साधारण एका अंशाने जास्त. म्हणजे छत्राखाली उन्हाची धार बोथट होते आणि थंडीचीही. युरोपातल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांना असंही आढळलं, की छत्र दाट झालं तिथे थंडावा मानवणाऱ्या जाती टिकल्या, विरळ झालं तिथे उष्णता सोसणाऱ्या जातींनी जागा घेतली.

हे निष्कर्ष इथे तसेच उचलून लावले की गडबड होते. जळगावचा पारा 45च्या वर जातो तेव्हा सातपुड्यातल्या सागाच्या अंगावर पानच नसतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत साग, सालई, मोई सगळे उघडे पडलेले असतात. एप्रिलमध्ये पालवणारा अंजन हा एक अपवाद, आणि त्याचीही सावली झिरझिरीतच. तेव्हा झाडांमुळे मे महिन्यात जंगलाचा तळ थंड राहतो, हे वाक्य आपल्याकडे बरंचसं खोटं आहे. शिवाय मे महिन्यात तळाला थंड ठेवण्यासारखं काही वर असतंच कुठे? मुसळी कंदात गेलेली असते आणि तेरडा बियांत.

मग इथे छत्र करतं काय? माझ्या मते त्याचं खरं काम दोन वेळा चालतं: पावसाच्या माऱ्यात, आणि पाऊस संपल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत.

खानदेशात पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास. तो पडतो मोजक्या दिवसांत आणि पडतो तेव्हा बदाबदा. सातपुड्याच्या तापीकडच्या बाजूला दक्षिणेकडे तोंड केलेले उतार तीव्र आहेत, माती वीतभरही नाही आणि खाली काळा पाषाण. उघड्या जमिनीवर थेंब आदळला की माती उडते, बारीक कण भेगांत बसतात, वरचा थर टणक होतो आणि पुढचं पाणी मुरण्याऐवजी पळतं. झाडांखाली पालापाचोळा आणि झुडपांचा थर हा मार झेलतात. दुसरं काम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं. पाऊस ओसरतो, आभाळ मोकळं होतं आणि ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागतं. सागाची पानं तेव्हा अजून झाडावर असतात. त्या सावलीत आणि पाचोळ्याखाली जमिनीची ओल काही दिवस जास्त टिकते. कंद असलेल्या वनस्पतीसाठी वर्षातले सगळ्यात मोलाचे दिवस हेच, कारण पानांत तयार झालेलं अन्न याच काळात खाली उतरून पुढच्या सालासाठी साठतं. ओल आधी संपली की पानं आधी पिवळी पडतात, कंद बारीक राहतो, पुढच्या साली पानं कमी आणि फूल बहुधा नाहीच. झाड तोडलं त्या वर्षी यातलं काहीच डोळ्याला दिसत नाही.

हे घड्याळ किती बारीक लागलेलं असतं ते शेवळात दिसतं. पहिल्या वळवाच्या आगेमागे, पान येण्याआधी, शेवळाचा जांभळट दांडा जमीन फोडून थेट वर येतो. साग तेव्हा नुकता पालवत असतो, वरून उजेड भरपूर असतो. छत्र मिटेपर्यंत त्याचं फुलणं उरकलेलं असतं आणि मग छत्रीसारखं पान पसरून तो उरलेला पावसाळा सावलीत काढतो. काळ्या मुसळीची पिवळी चांदणी जमिनीला टेकूनच फुलते, तीही पावसाच्या सुरुवातीला. सफेद मुसळी जुलैत. कळलावी मात्र घाई करत नाही. पानांच्या टोकांनी झुडपं धरत ती वर चढते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते. म्हणजे तिला उजेडाआधी चढायला झुडूप हवं. धायटी-मुरडशेंगेचं जाळं सरपणासाठी कापलं की कळलावी जाते, वरचा साग जागेवर असला तरी.

छत्रात भर पावसाळ्यातही भोकं पडतात, हे इथे सांगायला हवं. सागावर अळ्या पडतात. काही वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात टेकडीच्या टेकडी तपकिरी दिसते आणि पानांची नुसती जाळी उरते. तळातल्या वनस्पतींनी हे शेकडो वर्षं पचवलं आहे. दोन-तीन आठवड्यांचा जास्तीचा उजेड त्यांना मानवतोही. त्यांना मारतं ते कायमचं उघडेपण.

या सगळ्या प्रश्नाची खानदेशातली सगळ्यात बोलकी साक्ष एका गवताने दिली आहे. रोशा गवत. त्याच्या तेलाच्या भट्ट्या पश्चिम खानदेशात एकेकाळी धगधगत होत्या आणि 1880च्या खानदेश गॅझेटियरलाही त्या धंद्याची दखल घ्यावी लागली. तेल अत्तराच्या बाजारात जाई, गुलाबाच्या अत्तरात भेसळीलाही वापरलं जाई. भट्टीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं की रोशा दोन तऱ्हेचा: मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल गोड वासाचं आणि महाग. सोफियाचं उग्र, आल्याच्या वळणाचं आणि स्वस्त. दिसायला दोन्ही इतके सारखे की वनस्पतिशास्त्रज्ञांना ती एकच जात वाटे. आय. एच. बर्किल यांनी 1909मध्ये या दोन वाणांवर स्वतंत्र लिहिलं, आणि पुढे ते एकाच जातीचे दोन प्रकार म्हणून ग्रंथांत स्थिरावले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की मोतिया वाढतो उघड्या, निचऱ्याच्या कोरड्या उतारांवर, आणि सोफिया दाट झाडीतल्या, ओल धरणाऱ्या सखल जागी. वर छत्र किती आणि खाली ओल किती, याचा हिशेब दोन गवतं वासाने सांगत होती, आणि तो वाचून गवत कापणारा मजूर आपली वाट ठरवत होता.

म्हणूनच छत्र गेलं म्हणजे सगळ्यांचंच वाटोळं झालं असं म्हणता येत नाही. मोतियाचं भलं होतं. कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांना उजेड हवाच असतो, आणि धुळ्याजवळच्या लळिंगसारखी कुरणं ही आपापल्या जागी मोलाची परिसंस्था आहेत. तिथे खड्डे खणून झाडं लावणं हा जंगलतोडीइतकाच अडाणीपणा. प्रश्न उभा राहतो तो मूळच्या दाट उतारावरचं छत्र काढल्यावर, कारण तिथे कुरण येत नाही. येतं ते भलतंच.

आधी तरोटा आणि कुर्डू. हे तसे निरुपद्रवी आणि खाण्यातलेही. मग जिथे गुरांची वर्दळ जास्त तिथे रानतुळस. हिला गुरं तोंड लावत नाहीत, बी ओलं झालं की चिकट होऊन कपड्याला, केसाला, मातीला धरून बसतं, आणि सप्टेंबरपर्यंत कमरेएवढी वाढून ती खाली अंधार करते. घाणेरी त्याहून जबर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेलं हे अमेरिकी झुडूप आज देशातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्रावर पसरल्याचा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी 2020मध्ये मांडला. घाणेरीला अर्धवट उघडलेलं जंगल सगळ्यात आवडतं. पूर्ण दाट छत्राखाली ती रेंगाळते. छत्र निम्म्यावर आलं की तिचा हंगाम सुरू होतो. विरळ झालेल्या जंगलात मुसळीला मारते ती बऱ्याचदा उन्हाची तीव्रता नसते, घाणेरीची सावलीच असते.

आणि वणवा. उघड्या उतारावर कमरेइतकं वाढलेलं गवत फेब्रुवारीत वाळतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, कुठे विडी पडते, कुठे शेताचा बांध जाळताना ठिणगी उडते. दाट जंगलात आग पाचोळ्यावरून खालून सरकत जाते. उघड्या जागी ती गवताच्या उंचीने धावते. कंद जमिनीत खोल असतो, तो एका आगीने मरत नाही. मरतात रोपं. सालईचं उदाहरण ठळक आहे. कड्यांवर जुन्या सालई ऐटीत उभ्या दिसतात, पण त्यांच्याखाली मनगटाएवढं तरणं झाड शोधून सापडत नाही. बी रुजतं, रोप येतं, आग किंवा शेळी त्याला उरू देत नाही. तळाचा थर म्हणजे पुढच्या पिढीचं जंगलही असतं, हे झाडं मोजताना निसटतं.

आता उलट बाजू. छत्र आहे पण तळ नाही, अशीही जंगलं खानदेशात भरपूर आहेत. ब्रिटिश अमलात रेल्वे आली, 1860च्या दशकात भुसावळ हे जंक्शन झालं, लाकडाची मागणी वाढली आणि जंगल कूप (तोडीचे ठरावीक तुकडे) पाडून तोडण्याची नि सागाला झुकतं माप देण्याची पद्धत बसली. मिश्र जंगलातून धावडा, तिवस, कुसुम कमी होत गेले. एकसुरी सागाखाली तळ बहुधा दरिद्री असतो, आणि त्याला कारण आहे. सागाचं पान सुपाएवढं. त्यावर पाणी साचून जो थेंब खाली पडतो तो पावसाच्या साध्या थेंबापेक्षा मोठा असतो आणि उंच झाडावरून जोरात आदळतो. मोजमापांत हे सिद्ध झालं आहे. खाली पाचोळा आणि झुडपं असली तर बिघडत नाही. वणव्याने पाला जळालेला आणि झुडपं सरपणाला गेलेली असली, तर साग स्वतःच आपल्या मुळाखालची माती धुऊन काढतो. उपग्रहाच्या चित्रात मात्र हा तुकडा मध्यम घनदाट.

खणणाऱ्या हातांचाही हिशेब करायला हवा. सफेद मुसळीला औषधी बाजारात भाव आला तसा सातपुड्यातल्या पाड्यांतून ती मोठ्या प्रमाणावर खणली गेली. पानं वाळली की जागा सापडत नाही, म्हणून ती हिरवी असतानाच, बी पडायच्या आत खणतात. म्हणजे कंदही गेला आणि बीही. उघड्या झालेल्या जंगलात हे दुप्पट महाग पडतं, कारण तिथे उरलेला कंद आधीच बारीक असतो. खणणाऱ्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला यासाठी दोष देणं सोपं आहे. किलोमागे हातात पडणारे पैसे आणि दुकानातल्या बाटलीची किंमत शेजारी ठेवली की दोष कुठे जातो ते ज्याचं त्याने पाहावं.

नेवाडाचंही तसंच. वनहक्क कायदा 2006चा आणि त्यातली मर्यादेची तारीख 13 डिसेंबर 2005. तिच्या आधीपासून कसणाऱ्याचा हक्क खरा, आणि तारखेनंतर यावल-चोपड्याच्या जंगलात नवी तोड झाली हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच दमात मान्य करायला कोणी तयार नसतं, त्यामुळे वाद पट्ट्यांवर अडतो. वनस्पतींच्या दृष्टीने फरक वेगळाच आहे. झाड तोडलं पण जमीन नांगरली नाही, तर कंद वर्षानुवर्षं तग धरतात. एकदा नांगर फिरला की संपलं. कुऱ्हाडीनंतरचं जंगल परत येऊ शकतं, नांगरानंतर त्याला बाहेरून बी आणि कंद यावे लागतात. मुंगीच्या किंवा ओघळत्या पाण्याच्या वेगाने ते येतात.

कंद तग धरतात, यातच एक फसगत लपलेली आहे. बेल्जियम आणि इंग्लंडमधल्या तुकड्या-तुकड्यांच्या जंगलांचा अभ्यास करून मार्क वेलेंड आणि सहकाऱ्यांनी 2006मध्ये दाखवलं, की जंगल तुटल्यानंतर शंभराहून अधिक वर्षं त्यातल्या वनस्पतींचा नाश हळूहळू चालूच राहू शकतो. आज दिसणाऱ्या जाती आजच्या जंगलाच्या नसतात, त्या जुन्या जंगलाच्या उरलेल्या असतात. विलोपाचं कर्ज म्हणतात याला. सातपुड्यातल्या विरळ झालेल्या उतारावर आज काळी मुसळी दिसते म्हणून सगळं ठीक आहे असं समजणाऱ्याने ती फुलते का, बी धरते का आणि तिच्या आसपास दोन पानी पोरं आहेत का, हे पाहावं.

कर्ज फिटतं का, याचं उत्तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने बऱ्याच अंशी दिलं आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला इथले डोंगर बोडके होते आणि पाण्यासाठी बायकांची वणवण चालू होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, चराईला शिस्त लावली, राखणदार नेमले, मोडणाऱ्याला दंड बसवला. सुमारे 445 हेक्टर जंगल गावाने राखलं. पवारांना 2025मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी झाडं आणि पाणी यांवर भरभरून लिहिलं, ते योग्यच. मला त्याहून लक्षवेधी वाटतो तो 2004पासून तिथे भरणारा वनभाजी महोत्सव. पंचक्रोशीतल्या बाया रानभाज्या रांधून आणतात आणि त्यांची स्पर्धा होते. एका अर्थी तळातल्या वनस्पतींची ही दरवर्षीची गणतीच आहे, आणि ती करणाऱ्या बायांना कुठली भाजी कुठल्या झाडाखाली मिळते ते पाठ आहे.

ताटातली भाजी पाहून जंगलाची प्रकृती सांगता येते. तरोटा, कुर्डू, काटेमाठ या उघड्यावरच्या. त्या रस्त्याकडेलाही मिळतात, त्यांचा ढीग पाहून हुरळून जाऊ नये. फोडशी, चाईचा कोवळा शेंडा आणि मोहोर, शेवळं, भारंगी या मात्र झाडीच्या कडेच्या आणि आतल्या. डोंगर राखायला घेतला की जुन्या बुंध्यांना धुमारे फुटतात, मग मुरडशेंग-कुड्याची झुडपं उठतात, पाचोळा साचू लागतो आणि जमिनीत तगून राहिलेले कंद तरारतात. बियांवर जगणाऱ्या सावलीतल्या जाती सगळ्यांत उशिरा. बारीपाड्याला फायदा होता तो जुनी मुळं जमिनीत होती याचा. खड्डे खणून रोपं लावण्याच्या योजना असा फायदा असलेल्या जागीही जेसीबी घालतात आणि असलेले कंद उलथून टाकतात, हे पाहून हसावं की रडावं कळत नाही.

पुढच्या कामाला पाया आहे. थिओडोर कुक यांच्या 1901 ते 1908 दरम्यान आलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात खानदेशातल्या नोंदी आहेत. धुळ्याचे डॉ. दि. आ. पाटील यांचा धुळे-नंदुरबारचा वनस्पतिकोश 2003चा, आणि क्षीरसागर-पाटील यांचा जळगाव जिल्ह्याचा 2008चा. कुठली वनस्पती कुठे आढळली ते यांत मिळतं. ती किती आहे आणि कुठल्या छत्राखाली, हे सांगणं कोशाचं काम नसतं. त्यासाठी एक मीटर लांब-रुंद चौकट, सुतळी आणि नावं ओळखणारी एक बाई पुरते. पाल, लंगडा आंबा, पाटणादेवी, पिंपळनेर अशा ठिकाणी छत्राच्या तिन्ही प्रतींत अशा चौकटी आखून दरवर्षी त्याच जागी मोजाव्यात. मोजायचं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण तेव्हा सफेद मुसळीचं पान अजून हिरवं असतं आणि कळलावी फुललेली असते. वन विभागाच्या पाहण्या होतात त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, रस्ते कोरडे असताना. त्या वेळी तळाला पाहण्यासारखं काही नसतं, आणि रकाना रिकामा राहतो.